खादाड मशीन

२०२४ साल, माझं वय त्र्याहत्तर. दिल्लीहून संभाजीनगरला विमानानं येत होतो. शेजारी एक पोरगी, मांडीवर जाडजूड लॅपटॉप. तिला पुलाचा नकाशा पुरा करून उतरल्याबरोबर साहेबाला दाखवायचा होता, अन् बॅटरी संपत आली होती. खुर्चीखालच्या बोर्डात पिन घातली की हिरवा दिवा लागायचा अन् मिनिटात विझायचा.

मी म्हणलं, "लाईनच खराब. आमच्या पिशोरला बी हेच. मोटर रोज बंद पडती. वायरमनला शिव्या घातल्याबिगर भागत नाय."

ती हसली. "नाय बाबा, लाईन बरोबर हाय. माझीच मशीन खादाड हाय. लाईनीला झेपंल तेवढंच मागायचं."

तिनं पडद्याचा उजेड कमी केला, नकाशा सोडून बाकी सगळं बंद केलं अन् पिन परत घातली. दिव्याकडं बघत बसली. दिवा टिकला. तिनं गाईच्या पाठीवर फिरवावा तसा लॅपटॉपवर हात फिरवला. उतरायच्या आत नकाशा पुरा झाला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी त्याच लाईनीवरची चारा कापायची कडबाकुट्टी बंद केली अन् मग विहिरीवरची मोटर लावली. मोटर चालली. वायरमन बांधावरून गेला, त्याला चहाला बोलावलं. कशापायी, ते सांगितलं नाय.