पूजेतल्या इंजिनाची फेरी

आयुधपूजा जवळ आली की ती चोरी मला अजून आठवते. मी तेव्हा गुम्मिडिपूंडीच्या बाजूला इन्स्पेक्टर होतो. तिथल्या कारखान्यांसाठी मुख्य मार्गापासून एक छोटी मालवाहू लाइन आत येते. एक डिझेल इंजिन, मोजके डबे, वाटेत एक फाटक. लाइन खासगी असल्याने हद्द रेल्वे पोलिसांची नव्हे, आमच्या ठाण्याची होती.

पूजेच्या सुट्टीनंतर तिथला एक कारखाना उघडला, तर यार्डातल्या एका डब्याचं सील तुटलेलं आणि आतली तांब्याची तार गायब. त्याच सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. फाटकवाल्याने सुट्टीत ट्रक आत सोडला, एवढं सांगून फोन ठेवला गेला.

फाटकवाल्याला ठाण्यात आणलं. पूर्वी पिणारा म्हणून तो बदनाम होता. त्याचा जबाब मात्र प्रत्येक वेळी तोच. ट्रक आलाच नाही. पूजेच्या दुपारी ड्रायव्हर इंजिनाला डबा जोडून फाटकापलीकडे गेला आणि संध्याकाळी परतला. हे ऐकून माझे हवालदार हसले. पूजेला ठेवलेल्या हत्यारालाही आमच्याकडे कोणी त्या दिवशी हात लावत नाही, मग पूजेतलं इंजिन कोण हलवणार? ड्रायव्हर तर पूजा स्वतः करणारा, कपाळावर ठसठशीत विभूती लावणारा माणूस. वरिष्ठांचा निरोप आला, उद्या आरोपीला कोर्टात हजर करा. फाटकवाल्याची बायको जेवणाचा डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून होती. नवऱ्याची नोकरी जाणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मला ते पटेना. खोटं बोलणारा माणूस पटेल असं खोटं बोलतो. याने तर कोणाचाही विश्वास बसणार नाही अशी गोष्ट निवडली होती. मी जीप काढली आणि इंजिनाची शेड गाठली.

इंजिन त्या सकाळीच पहिल्या फेरीला गेलं होतं. पूजेत प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवतात आणि पहिल्या फेरीला ते चिरडून गाडी निघते. रुळावर तो ओला चोथा होता. मी खाली वाकलो, तर त्याच्याखाली लिंबांच्या काळपट, वाळून कडक झालेल्या साली रुळाला चिकटलेल्या, कडेला मुंग्या. चारही चाकांच्या जागी तेच.

ड्रायव्हरला ठाण्यात बोलावलं, चहा दिला. लिंबं वर्षातून एकदाच ठेवता ना, असं विचारलं. तो हो म्हणाला. मग दोन वेळा कशी चिरडली, एवढंच विचारून मी गप्प बसलो. कच्चा माणूस शांततेला आरडाओरड्यापेक्षा जास्त घाबरतो. त्याचा चहा तसाच राहिला.

शेवटी तो म्हणाला, "लिंबं काढून इंजिन नेलं असतं, सार, तर देवीचा कोप माझ्या पोरांवर आला असता."

म्हणून त्याने लिंबं चिरडूनच इंजिन नेलं आणि परत आल्यावर कोणाला कळू नये म्हणून नवी ठेवली. फाटकवाल्याने पाहिलं होतं, म्हणून त्याच्यावर आळ घालणारा निनावी फोनही त्याचाच. तार गिंडीच्या एका गोदामात सापडली, पंचनामा झाला, फाटकापलीकडे तार उतरवून घेणारे साथीदार धरले. मला राग चोरीचा नव्हता. देवीला एवढा भिणारा माणूस, दुसऱ्याचा संसार उद्ध्वस्त करताना जराही भ्याला नाही, याचा होता.

फाटकवाल्याला सोडलं, तरी तो टेबलासमोरून हलेना. मी विचारलं, आता काय?

"तुम्ही फाटकावर या, सार. वर्दीत या. सगळ्यांसमोर सांगा."

पाळी बदलायच्या वेळी मी त्याच्यासोबत गेलो, मागून डबा घेऊन त्याची बायकोही आली. कामगारांचा घोळका थांबवला आणि मोठ्याने सांगितलं की हा माणूस पहिल्यापासून खरं बोलत होता. निर्दोष माणसाला कोठडीतून सोडलं की आपलं काम संपलं, असं आम्ही पोलीस समजतो. तो मात्र तोपर्यंत मान खाली घालून उभा होता. मी बोललो, मग त्याने मान वर केली आणि बायकोच्या हातातला डबा घेतला.