जयली आणि जायली

खामगावातल्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्या घरी आला आणि त्याच्यासोबत दर आठवड्याचा खून आला. पोलीस तपासाची मालिका होती ती, संपता संपत नव्हती. निम्म्यावर येईतो मी तिला पुरता विटलो होतो. दर भागाच्या शेवटी इन्स्पेक्टर गुन्हेगाराची गचांडी धरी आणि न्याय झाला म्हणून गल्लीतल्या बाया समाधानानं घरी जात. मला त्या समाधानाचाच राग यायचा.

सगळ्यात पुढे शेजारची म्हातारी बसे. आदल्या वर्षी तिची सून गेली होती. स्टोव्हचा भडका उडाला, असं तिनं सांगितलं आणि गल्लीनं मान डोलावली. तेरवीच्या पंगतीतच मुलासाठी दुसरी पोरगी सुचवली गेली. ती देऊळगाव राजाकडची. रीतीप्रमाणे मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालून ती सासूशेजारी बसायची.

एका भागात नेमकी जळालेली सून दाखवली. म्हातारी पडद्यात अगदी बुडून गेली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आमची पयलीबी अशीच जायली."

आमच्याकडे बोलताना ळचा य होतो. जळली ती जयली, जाळली ती जायली. वर्षभर सगळी गल्ली जयलीच म्हणत आली होती. आता कुणी मान वळवली नाही. माझ्या वडिलांनी उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

भाग संपल्यावर सगळे उठले. नवी सून पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात आली आणि तिनं आईला विचारलं, "काकू, त्या जाळली म्हणाल्या ना?"

तिच्या माहेरकडे ळचा ळच राहतो; तिच्या तोंडी तो शब्द लख्ख आला. आईनं ओट्यापाशी सतरंजी अंथरली आणि पोरीला फणफणून ताप आलाय, आज इथंच राहील, असं शेजारी कळवलं. लोकांच्या भानगडीत कशाला पडतेस, म्हणून वडील कुरकुरत राहिले. सकाळच्या पहिल्या एसटीनं आई तिला माहेरी पोचवून आली. आईचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

पुढच्याच आठवड्यात, मालिकेच्या दिवशी, तिचा बाप तिला परत घेऊन आला. आधी आमच्याकडे आला, चहा घेतला. वाईट माणूस नव्हता तो. आईपुढे हात जोडून म्हणाला, "ताई, तुमचे लई उपकार झाले. पण हिच्या पाठच्या दोघी उजवायच्यात अजून."

त्यानं पोरीला शेजारच्या दारात सोडलं आणि स्टँडकडे निघून गेला.

संध्याकाळी म्हातारी सुनेला घेऊन मालिका बघायला आली. इन्स्पेक्टरनं कुणाला पकडलं ते सगळ्यांनी पाहिलं. ती पोरगी मात्र सगळा वेळ माझ्या आईकडे बघत होती.