बाभळीवरची शाल

पाण्याची भीती मला लहानपणापासून होती असे म्हटले तर ते खरे होणार नाही. ती माझ्या व्यवसायातून आली. धाराशिव जिल्ह्यातील एका तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाखाली टेबल मांडून, मी बऱ्याच वर्षांपासून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या अर्जातील वाक्य सहसा कोणी खोडत नाही, हे कचेरीतील कारकूनही मान्य करतील. परंतु अर्जनवीसाच्या टेबलापाशी सुखी माणूस येत नाही. वीज पडलेल्याचा भाऊ येतो, साप चावलेल्याची आई येते, धरणात बुडालेल्याची बायको येते. आणि त्यांच्या रडण्यातून मला वाक्य काढावे लागते. बुडालेल्यांच्या अर्जात एक वाक्य ठरलेले आहे. ‘शोध घेतला असता सदर मयताचे कपडे पाण्याच्या काठावर मिळून आले.’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले आहे, की कोणत्याही तळ्याच्या काठाशी उभा राहिलो की ते आपोआप माझ्यापुढे येऊन उभे राहते.

त्यामुळे प्रवासाची माझी एक ठरलेली पद्धत होती. जीप सांगावी, सकाळी तुळजापूरचे दर्शन घ्यावे, दुपारी नळदुर्गचा किल्ला पाहावा, तसेच पुढे जाऊन अणदूरच्या खंडोबाला हात जोडावेत आणि दिवेलागणीला घरी यावे. थोडा वेळ थांबणाऱ्याला कोणत्याही गावाचा धोका लागत नाही, असे माझे मत होते. गावचा साप, गावची विहीर, गावचे पाणी ही गावच्या माणसांसाठी असतात; पाहुण्याशी त्यांचा संबंध येत नाही.

माझ्या पत्नीला ही पद्धत मान्य नव्हती.

“तुमच्यासंगं फिरलं की निस्ती दारं बघून यायचं,” ती म्हणायची. “देवळाचं दार, किल्ल्याचं दार, न् जीपचं दार.”

या खेपेस तिने आपला हट्ट पुरा केला. तिची थोरली बहीण माकणी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका खेड्यात दिलेली आहे. तिच्याकडे येळवशीला जायचे, आणि तेही आठवडाभर राहायला, असे तिने परस्पर कळवून टाकले. मार्गशीर्षातील अमावस्येला आमच्या भागात जो तो आपल्या शेतात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील शिंपडीत पिकाभोवती फिरायचे, आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे व आंबील असे जेवण शेतातच करायचे. त्या दिवशी कचेरीत चिटपाखरू नसते, म्हणून माझ्याजवळही सबब नव्हती.

आम्ही एसटीने गेलो. पहिले दोन दिवस मला खाटेवर बसवून चहा मिळाला. नंतर मी पाहुणा आहे हे घरातील माणसे विसरून गेली. मेहुणीने माझ्यापुढे तुरीच्या शेंगांचे टोपले आणून ठेवले, “हात रिकामेच हायत की तुमचे,” म्हणाली आणि निघून गेली. माझ्यासारख्या माणसापुढे शेंगा ठेवाव्यात याचे मला प्रथम वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र टोपले आले नाही तेव्हा मीच ते मागून घेतले. एवढ्यावर भागले असते तर तो आठवडा सुखाचा गेला असता. परंतु त्या घराची निम्मी जमीन धरणाने पलीकडे टाकली होती. पूर्वी जिथे ओढा होता तिथे आता पाण्याचा रुंद फाटा पसरलेला, आणि माझे साडू रोज तो फाटा एका तराफ्यावरून ओलांडीत. प्लास्टिकची निळी पिपे, वर फळ्या, सगळे दोरीने आवळलेले. रस्त्याने जायचे तर धरणाला लांबलचक वळसा पडतो. येळवस त्या पलीकडच्याच शेतात होणार होती.

त्या सकाळी मी काठापर्यंत गेलो आणि एका दगडावर बसलो.

“अहो, या की,” पत्नी तराफ्यावरून म्हणाली. तिच्या मांडीवर आंबिलीने भरलेली मातीची बिंदगी होती.

“घरी म्हातारे माणूस आहे. कोणीतरी जबाबदार जवळ असावे,” मी म्हणालो. साडूंच्या आईचे गुडघे गेलेले असल्यामुळे त्या मागे राहणार होत्या, म्हणून माझे म्हणणे खोटे नव्हते.

“पाव्हणं, बिनघोर बसा,” साडू म्हणाले. “ह्याच्यावरनं शेरडं नेलीत म्या.”

“शेळीला कमी कळते,” मी म्हणालो.

“मग शेरडाच्या शेपटीला धरून या,” मेहुणी म्हणाली, आणि दोघी बहिणी इतक्या हसल्या की तराफा हलला. मी दगड धरला.

तेवढ्यात पत्नीच्या खांद्यावरील केशरी शालीकडे माझे लक्ष गेले. तालुक्यातील एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला होता, त्या वेळची ती शाल. घडीही न मोडता मी ती कपाटात ठेवली होती.

“ही इथे कशी?”

“कोपीवर पांघरायला आणली. कपाटात ठिवून काय करताव तिचं?” ती म्हणाली. मग आपला मोबाईल तिने माझ्याकडे फेकला. “ह्यो ठिवा. भिजल. तिकडं रेंज बी न्हाय.”

तराफा पलीकडे लागेपर्यंत मी श्वास रोखून होतो. तिघे उतरून चढावर दिसेनासे झाले. थोड्या वेळाने पिकाच्या कडेला केशरी ठिपका उमटला. कोप उभी राहिली होती, आणि माझी शाल तिच्यावर होती. तेव्हा कुठे मी उठलो.

दुपारी म्हातारीने मला वाढले. त्यांना त्या घरी आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणतो. जेवून त्या ओसरीवर पडल्या आणि मी पुन्हा काठाकडे निघालो. वाटेतच वारे सुटले. त्याची एक झुळूक अंगावर आली आणि नंतर ते थांबलेच नाही. पाणी सकाळी ताटासारखे होते. आता त्यावर काळ्या सुरकुत्या पळत होत्या आणि दगडांवर लाटांचा चटाचट आवाज येत होता.

पाण्याच्या मधोमध तराफा होता. त्यावर कोणी नव्हते. तो स्वतःभोवती हळूहळू फिरत होता, आणि त्याची दोरी मागे पाण्यात पसरली होती.

मी पलीकडे पाहिले. माणूस दिसेना. पिकाच्या कडेचा केशरी ठिपका नव्हता. तो खाली आला होता. अगदी पाण्यालगतच्या बाभळीवर माझी शाल फडफडत होती.

पुढे काय झाले ते मी नीट सांगू शकेन असे वाटत नाही. ते ठरलेले वाक्य माझ्या डोक्यात अक्षराअक्षराने उमटले, आणि त्यात ‘मयताचे’ या शब्दाच्या जागी माझ्या घरातील माणसाचे नाव होते. मी हाक मारली. वाऱ्याने ती माझ्याच तोंडात परत कोंबली. मग मी गावाकडे पळालो. या वयात आणि या देहाने पळालो. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घराला कुलूप. मी कड्या वाजविल्या, दारे ठोठावली, “कोणी आहे का?” म्हणून ओरडलो. येळवशीच्या दिवशी सगळे गाव शेतात असते हे मी जाणून होतो. तरीही एकेका दाराशी जात होतो. कोंबड्या तेवढ्या पांगल्या. पारावर कोणी नाही, दुकान बंद, शाळा बंद. भरल्या गावात आपला आवाज भिंतींवर आपटून परत येतो, ही भीती मला ठाऊक नव्हती.

साडूंना फोन लावला. ते संपर्क क्षेत्राबाहेर होते. पोलिसांना लावण्यासाठी मी आकडे दाबले आणि अंगठा तसाच राहिला. पलीकडून विचारतील, काय घडले? आणि मला सांगावे लागेल. कितीतरी माणसांच्या वतीने जे मी सुवाच्य अक्षरांत मांडले, ते एक वाक्य स्वतःसाठी मला उच्चारता येईना. उच्चारले की ते खरे होईल, असे वाटले. मी फोन खिशात घातला आणि घराकडे धावलो.

आत्या ओसरीवर बसून तंबाखू मळीत होत्या.

“आत्या, तराफा रिकामा! पाण्यात मधोमध. माणसे दिसत नाहीत!”

“वारं सुटलंय. दोरी निसटली आसंल.”

“काठावर शाल आहे!”

“खाली पडलीय का वर हाय?”

“बाभळीवर.”

“गाठ मारलीय का आडकलीय?”

गाठ मी पाहिली नव्हती. तसे मी सांगितले.

“आवं, मग जावा, बघून या. आर्ज आसंच लिव्हताव काय, न बघता?”

“आत्या, तुम्हांला कळते आहे का मी काय सांगतो?”

“कळतंय, कळतंय. रडायलाव कशाला?” त्यांनी तंबाखू दाढेत धरली. “वारं आडवं आलं न् येता आलं न्हाय, तर आमी बाभळीला फडकं बांधतो. म्हंजी समदी सुखी हाव, रस्त्यानं यायलाव, काठावर बसू नगा. माझा मालक तर धोतर बांधायचा. एकदा धोतर तिकडंच बांधून तसाच आला बघा लोकाच्या ट्रॅक्टरवर, पोतं गुंडाळून!”

त्या हसू लागल्या. मला हसू येणे शक्य नव्हते.

“हे मला कोणीच कसे सांगितले नाही?”

“पाव्हण्याला कोण सांगतंय? घरच्याला ठावं आसतंय.”

मी काठावर परत गेलो. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून पाहिले. शालीची दोन टोके एका फांदीला नीट बांधलेली होती. मधला भाग तेवढा वाऱ्याने भरत होता. गाठ होती. क्षणभर पाय हलके झाले. आणि लगेच दुसरी भीती आली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. गाठ मारायला एक माणूस पुरतो. साडू पोहणारे होते. दोघी बहिणींना पोहता येत नव्हते. तिघांपैकी एकजण वाचला असता, तर तोही गावाला कळावे म्हणून तेच फडके बांधून रस्त्याने निघाला असता. शाल सगळे सुखी असल्याचे सांगते. परंतु ती बांधणारा किती जणांच्या वतीने बांधतो, हे शालीवर लिहिलेले नसते.

हा मुद्दा मी आत्यांना सांगितला नाही. त्यांना म्हणालो, “आपण रस्त्यावर जाऊन बसू.” त्या माझा हात धरून, गुडघ्यांना शिव्या देत, वेशीपर्यंत आल्या. आम्ही कट्ट्यावर बसलो. ऊन कलू लागले तशी शेताशेतातून माणसे परतू लागली. बैलगाड्या आल्या, मोटारसायकली आल्या, पोरे कडब्याच्या मशाली नाचवीत आली. प्रत्येकजण आत्यांना विचारी, “झाली का येळवस?” आणि आत्या प्रत्येकाला “झाली, झाली” म्हणत. मी प्रत्येक चेहरा पाहत होतो. एका ट्रॉलीत बायका गात होत्या. त्यांत पत्नीच्या साडीसारखी हिरवी साडी दिसली, मी उठलो. ती दुसरीच बाई होती. मी पुन्हा बसलो. आत्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

शेवटी एक ट्रॅक्टर वळणावर आला. पुढे चालकाशेजारी साडू बसलेले होते. फक्त साडू. ट्रॅक्टर जवळ आला तशी मागच्या ट्रॉलीत मेहुणी दिसली, पदराने तोंड पुसताना. ती रडत होती की धूळ पुसत होती, मला ओळखता येईना. तिच्या शेजारी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्या पेंढ्यांच्या मागून माझ्या पत्नीने मान वर काढली आणि ती म्हणाली,

“आवं, हितं का बसलाव?”

तिने खाली उतरून माझ्याकडे पाहिले, मग आत्यांकडे.

“गावभर कड्या वाजवीत फिरला तुझा मालक,” आत्या म्हणाल्या. “त्येला बाभळीचं ठावं नव्हतं.”

साडू मोठ्याने हसले. “पाव्हणं, मी म्हणलं वाचत बसला आसाल कायतरी!” मेहुणीही हसली. पत्नी हसली नाही. तिने बिंदगीचे फडके सोडले, आतली आंबील पेल्यात ओतली आणि माझ्या हातात दिली. “तुमच्या वाटणीची. सांडू दिली न्हाय,” म्हणाली. मी प्यालो. पेला दातांवर वाजत होता.

“शाल ऱ्हायली की तिकडंच,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “उद्या आणू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वारे पडलेले होते. बेशरमीच्या झुडपांत अडकलेला तराफा साडूंनी ओढून आणला, दोरी तपासली आणि माझ्याकडे पाहिले. मी जाऊन फळ्यांवर बसलो. पत्नी माझ्या शेजारी बसली. मला धीर आला होता असे कोणी समजू नये. माझ्या दोन्ही हातांची बोटे फळीच्या फटीत रुतलेली होती आणि पाणी इतके जवळ होते, की मी पूर्ण वेळ साडूंच्या पाठीवरील सदऱ्याच्या ठिगळाकडेच पाहत होतो. परंतु तिच्याशिवाय काठावर बसण्याची माझी ताकद संपली होती.

पलीकडे उतरून मी बाभळीखाली गेलो. दवाने शाल जड झाली होती, आणि काट्यांनी तिचा एक काठ उसवला होता. परत निघण्याआधी फडके काढून घ्यायचे असते, म्हणजे घरच्यांना माणसे पाण्यावर असल्याचे समजते, असे आता मी न विचारताच साडूंनी मला सांगितले होते. पलीकडच्या काठावर, कालच्या माझ्या दगडावर, आत्या काठी टेकीत येऊन बसल्या होत्या. एवढ्या लांबून त्या मुठीएवढ्या दिसत होत्या.

मी गाठीला हात लावला आणि तो तिथेच थांबला. गाठ असेपर्यंत आम्ही सगळे जमिनीवर होतो.

“सोडा की,” पत्नी मागून म्हणाली.

“थांब थोडे,” मी म्हणालो. “वारे पाहू दे.”

वारे नव्हतेच. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने शालीचे दुसरे टोक धरले.