सुप्रभाताईंचा छत्तीस

लीड्समधल्या आमच्या छोट्या मराठी मंडळात गणपतीला तंबोला असतो, आणि वर्षानुवर्षं त्याचे आकडे सुप्रभाताईच पुकारायच्या. नुसते आकडे नव्हेत. नऊ निघाला की "नेसा नऊवारी!", बारा निघाला की "वाजले आमचे बारा!" छत्तीस निघाला की त्या काही न बोलता माइक खाली धरायच्या आणि अख्खा हॉल ओरडायचा, "सासूबाई आणि मी!" नवरा गेला, मुलगा कार्डिफला राहायला गेला, तेव्हापासून या बाईला माणसांत धरून ठेवणारी ती एक दुपार होती. बाकीचं वर्ष त्या तिचीच वाट बघायच्या.

त्यांच्या घराजवळच्या हाय स्ट्रीटवर आधी बँक बंद झाली, मग चपलांचं दुकान, मग पोस्ट ऑफिस. तिन्ही जागी स्लॉट मशिनची दुकानं उघडली. काचेवर सोनेरी नाणी, आत फुकट चहा-बिस्किटं. श्रीमंतांच्या रस्त्यावर कॅफे उघडतात, आमच्याकडे हे. मंडळाने कौन्सिलला विरोधाचं पत्र धाडलं, पहिली सही अध्यक्ष सतीशरावांची. कौन्सिलने आभार मानले आणि लायसन दिलं.

त्याच सुमारास हॉस्पिटलच्या कँटीनमधली ताईंची नोकरी गेली. साठीच्या बाईला घ्यायला तयार झालं ते फक्त जुन्या बँकेतलं मशिनचं दुकान. काम सोपं होतं. सुटे पैसे द्यायचे, चहा द्यायचा, आणि कुणी फार वेळ हरत बसलं तर जाऊन विचारपूस करायची. कंपनीला तो नियम भिंतीवर लावण्यापुरता हवा होता. ताईंनी तो मनावर घेतला.

एका दुपारी कोपऱ्यातल्या मशिनसमोर टोपी कपाळावर ओढून एक गृहस्थ नोटांमागून नोटा सरकवत होते. ताई चहा घेऊन गेल्या आणि थबकल्या.

"अहो सतीशराव, तुम्ही?"

"ताई, प्लीज. जस्ट टाइमपास."

"सकाळपासून बसलायत. उठा आता. लीलावती वाट बघत असेल घरी."

"तिला काही बोलू नका. प्रॉमिस करा."

"मी तुम्हाला इथे बघितलंच नाही. पण उठा."

सतीशराव उठले. ताईंना त्या दिवशी फार बरं वाटलं, या नोकरीतही काही चांगलं करता येतं म्हणून.

पुढच्याच कमिटी मीटिंगमध्ये सतीशरावांनी विषय काढला. जुगाराच्या दुकानात काम करणाऱ्या व्यक्तीने बाप्पासमोर आकडे पुकारणं, इट सेंड्स द राँग मेसेज. कुणी हूं की चूं केलं नाही. ताईंना सांगायचं काम त्यांनी बायकोच्या गळ्यात मारलं.

"ताई, राग मानू नका हं," लीलावती फोनवर म्हणाली. "यांचं म्हणणं, यंदा ब्रेक घ्या. पण तुम्ही तरी अशा ठिकाणी का जाता हो? शोभतं का?"

एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण शब्द दिला होता. "बरं," म्हणून ताईंनी फोन ठेवला आणि ढसाढसा रडल्या. मी म्हणते, मोडायचा होता तो शब्द! असल्या माणसाला दिलेला शब्द कसला पाळायचा?

गणपतीत माइक सतीशरावांच्या हातात होता. ताई मागच्या रांगेत, साधं तिकीट घेऊन.

"थ्री अँड सिक्स, थर्टी सिक्स."

कुणीच ओरडलं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या छोट्या ईराने ताईंचा पदर ओढला. "सुप्रभाआजी, सासूबाई कुठे गेला?"

"गेल्या म्हणायचं, बाळा," ताई म्हणाल्या आणि तिकिटावरचा छत्तीस त्यांनी खोडला.

सोमवारी दुकान उघडताच सतीशराव आत आले. "सुप्रभाताई, चहा मिळेल?" जणू काही घडलंच नव्हतं. ही बाई बोलत नाही, याची आता खात्री पटली होती. ताईंनी चहा दिला. बऱ्याच वेळाने नियमाप्रमाणे जवळ गेल्या.

"फुल हाउस झालं, सतीशराव. घरी जा."

संध्याकाळी मॅनेजरने त्यांना बाजूला घेतलं. एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती. यापुढे गिऱ्हाइकांशी आपल्या भाषेत बोलायचं नाही, घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत, ठरलेला प्रश्न इंग्लिशमध्ये विचारायचा आणि बाजूला व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ताई त्याच कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आर यू ओके, सर?"

"आय ॲम फाइन, थँक यू," सतीशराव म्हणाले आणि त्यांनी पुढची नोट आत सरकवली.