रेकॉर्डवर घातलेलं नाव

माझा धाकटा भाऊ म्हणजे घरानं डोक्यावर बसवलेला प्राणी. सत्तर सालानंतर कधीतरी लोणावळ्यात त्यानं तीन मित्र जमवून बँड काढला. काळे शर्ट, गिटार, ड्रम आणि गाणी सगळी मसणातली. शनिवारी हॉटेलात मुंबईची माणसं जेवायला यायची, त्यांना हे असलं ऐकवायचं. मी म्हणायची, अरे, घास उतरेल का कुणाच्या घशाखाली? पण तो कुणाचं ऐकेल तर ना.

तुंगार्लीच्या वरच्या वाडीतली एक मावशी आमच्याकडे सरपण टाकायला यायची. वाडीत कुणी गेलं की दहाव्याला ती गाणं म्हणून त्याला वाटेला लावायची. भावानं पिच्छा पुरवून तिच्याकडून ते गाणं शिकून घेतलं. त्यात एके ठिकाणी गेलेल्याचं नाव घालायचं असतं. शिकवताना मावशी तिथं नुसता श्वास घ्यायची आणि यालाही तेच करायला लावायची.

मग मुंबईला जाऊन त्यांनी त्या गाण्याची छोटी रेकॉर्ड काढली. अगदी मोजक्या प्रती. काळ्या वेष्टनांवर आमच्याच पडवीत बसून त्यांनी चुन्याचे पंजे उमटवले. रेकॉर्ड लावली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. गाणं सुरेखच झालं होतं. नावाच्या जागी मात्र त्यानं स्वतःचं नाव घातलं होतं. यंत्र चालू असताना गप्प राहिलं तर चुकल्यासारखं वाटतं, म्हणून तोंडात आलं ते म्हटलं, एवढंच त्याचं म्हणणं.

मावशी तेव्हा अंगणात मोळी उतरवत होती. ती तशीच खाली बसली. मग आईला म्हणाली, "पोरानं सोताला वाटंला लावलंय. आता ते नाव टाकून द्या. त्या नावानं हाक मारली का त्यो तिकडंच जाईल."

त्यांच्या वाडीत असं चुकून झालं तर जुनं नाव कायमचं सोडून देत आणि कानात दुसरं सांगत. माझी आई शाळेतली बाई, पण त्याच संध्याकाळी तिनं त्याच्या कानात नवं नाव सांगितलं. तो हसत सुटला. वडील भडकले. आईनं मात्र आम्हा सगळ्यांना शपथ घातली. नव्या नावानं हाक मारली की तो मुद्दाम ओ द्यायचा नाही. त्या नावाचं इथं कुणी राहत नाही, म्हणायचा. मला धास्ती वाटायची, आणि धास्ती वाटते म्हणून स्वतःचाच राग यायचा.

श्रावणातल्या एका सकाळी तो राहिलेल्या रेकॉर्डी काखोटीला मारून मुंबईच्या गाडीला निघाला. धुकं दाट होतं. डबा विसरला म्हणून आई आणि मी मागोमाग धावलो. तो नेहमीसारखा रुळांमधून चालला होता, पाठमोरा. तेवढ्यात आमच्या शेजारून एक सुटं इंजिन त्याच रुळांवरून पुढं गेलं, फारसा आवाज न करता.

मी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. "त्या नावानं नको," म्हणाली, आणि नव्या नावानं जिवाच्या आकांतानं हाका मारू लागली. त्यानं ऐकलं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण हट्टाला पेटल्यावर उडवायचा तशी त्यानं मान उडवली आणि चालत राहिला.