जर्दाळू
सुक्या जर्दाळूंचा वास आला की कन्नड मुलखातल्या आमच्या जयनगरच्या घरी वर भाड्यानं राहणारी नर्स आठवते. ती हिमालयातल्या एका खोऱ्यातली. एकदा जर्दाळू द्यायला ती आमच्या स्वयंपाकघरात आली आणि तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. आई खोऱ्यातल्या भाषेत बोलत होती, ही मात्र उत्तरं हिंदीत देत होती. मी कारण विचारलं. "कळतं सगळं," ती हिंदीतच म्हणाली, "पण शाळेपासून तोंडात हिंदीच बसलीय." माझ्या आईला हिंदी येत नाही. "काय म्हणते गं ती?" तिनं डोसा घालता घालता मराठीत विचारलं. मला त्या मुलीची कीव आली होती, म्हणून मी आईला सगळं नीट समजावून सांगितलं. "सरी, बरं," म्हणत आईनं डोसा उलटला. ते सगळं मी आईला कन्नडात सांगितलं होतं, हे लक्षात आलं आज, जर्दाळू भिजत घालताना.