काशीअक्काची हेलिकॉप्टरं

शेवटच्या भेटीत काशीअक्का माझ्यावर खेकसली होती. नवं आलेलं चिनूक हेलिकॉप्टरचं मॉडेल मी वरच्या पात्याला धरून उचललं, एवढंच कारण. "पोटाखाली हात घाल गे! मांजराला शेपटीनं उचलतीस का?" मग स्वतःच हसली आणि कॉफी करायला आत गेली... त्याच आठवड्यात ती झोपेतच गेली. आता दोन महिने होत आले. दुःख आहेच, पण हे मी रागानं लिहितेय.

अक्का माझी मामेबहीण. कुंभकोणमला आमची घरं एकाच गल्लीत. तिनं बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि पहिल्या पगारापासून लष्करी हेलिकॉप्टरांच्या धातूच्या छोट्या प्रतिकृती जमवल्या. चेतक, ध्रुव, एमआय-सतरा... शेजारच्या घरांतून नवरात्रात बाहुल्या मांडल्या जायच्या. हिच्या बैठकीत बारा महिने काचेच्या कपाटात हेलिकॉप्टरं. चेन्नईहून पार्सल आलं की आधी साबणानं हात धुवायची, मग भिंग घेऊन शेपटीवरची चिन्हं तपासायची. रंग चुकलेला निघाला तर दुकानदाराला फोनवर तमिळमध्ये असं झापायची की अख्खी गल्ली ऐकायची.

"हिंगा ये, बघ," आमच्या तंजावरी मराठीत ती मला जवळ बोलवायची. "विमानाला केवढी धावपट्टी लागते! हे इन्नंबूरच्या भातशेताच्या बांधावरसुद्धा उतरेल." बस्स. तिला ती यंत्रं आवडायची, दुसरं कारण नव्हतं.

पण लोकांना तेवढं पुरेना. पुरुषानं जमवली असती तर त्याला छंद म्हटलं असतं. बिनलग्नाच्या बाईनं जमवली म्हणजे मागे कुणी वैमानिक असणारच! कुणी म्हणे तो अपघातात गेला, कुणी म्हणे त्यानं दुसरीशी लग्न केलं. अक्काच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "मला आवडतं म्हणून सांगितलं तर कसाला पटत नाही यांना?" आणि त्या दिवशी तिनं कपाट उघडलंच नाही.

तेराव्याला तिचा भाचा सुरेश भरल्या पंगतीसमोर डोळे पुसत म्हणाला, "मावशीनं त्यांच्या आठवणीत जन्म काढला..."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"त्या वैमानिकाच्या."

"नाव काय त्याचं?"

"सगळे म्हणतात," तो पुटपुटला.

"सगळे म्हणतात म्हणून गेलेल्या बाईला प्रियकर चिकटवतोस?" मी पानावरून उठले. कुणी वडीलधारे म्हणाले, आजच्या दिवशी नको. मग कोणत्या दिवशी? ती जिवंत असताना स्वतः सांगत होती, तेव्हा कोण ऐकत होतं?

चार दिवसांनी सुरेश माझ्या दारात आला. मान खाली घालून म्हणाला, "कपाट तुम्हीच ठेवा. मला त्यातलं काही कळत नाही." एवढं कबूल करायला त्याला किती जड गेलं, ते दिसत होतं. मी त्याला कॉफी दिली, पण राग गेला नाही... अजून गेलेला नाही.

आता ते कपाट माझ्या बैठकीत आहे. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबतो, उसासा टाकतो आणि हळू आवाजात विचारतो, "कुणाची आठवण?"

"काशीअक्काची. तिला हेलिकॉप्टरं आवडायची."

ते पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहतात. मी कपाटाची काच पुसत राहते.